वगीहच्या दोन कांड्या

रविवार, ४ नोव्हेंबर

तर काय! मीच गेले तिच्याबरोबर. दुसरं कोण जाणार होतं? नवरा? नवऱ्याने पंप खोलून ठेवला होता ना! माझा वगीह गावाचे पाण्याचे पंप दुरुस्त करतो, आणि नेमका दवाखान्याच्या दिवशीच एखादा पंप उघडा पडलेला असतो, हे मी सहा वर्षांत पाठ केलंय. "अम्मा, तू जा ना कौसरसोबत. बायकांचंच काम आहे ते." बायकांचंच! बरं.

मग मी आणि माझी सून, मायक्रोबसमध्ये एका सीटवर दोघी, तन्ता शहरापर्यंत. माझ्या मांडीवर कोणाचं तरी बदक.

डॉक्टर इनास चांगली बाई आहे. पोरगेलीच, चष्मा डोक्यावर, आणि तोच चष्मा टेबलावर शोधते. म्हणाली, "ह्या वेळी सात अंडी काढली होती, सातही फळली." मी आनंदाची ललकारी द्यायला जीभ वर केली, तोच म्हणाली, "पण एकही दुभंगलं नाही." जीभ खाली.

म्हटलं, दुभंगायचं कशाला? चांगलं अखंड आहे ना?

हसली. मग कागद घेऊन चित्र काढलं. मूल व्हायचं तर एका पेशीच्या दोन व्हाव्या लागतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. आणि ते दुभंगायचं काम करायला आत दोन इवल्याशा कांड्या लागतात. एक उभी, एक आडवी. प्रत्येक कांडी म्हणजे नळ्यांच्या नऊ जुड्या, प्रत्येक जुडीत तीन नळ्या, बोरूच्या काड्या बांधाव्यात तशा. आणि एवढी बारीक की एकापुढे एक ठेवल्या तर मिलिमीटरभर जागेत दोन हजार मावतील. सेंट्रिओल म्हणतात त्यांना. नाव तर असं, जसं काही नाजूक पिठाचं बिस्कीट!

ह्या कांड्या आपल्यासारखीच दुसरी जोडी बनवतात. मग एक जोडी ह्या टोकाला जाते, एक त्या टोकाला. दोघी दोर सोडतात, आणि मधला वारसा ओढून अर्धा-अर्धा करतात. अगदी समान, कोणाला केसभर कमी नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, आमच्या गावात जमिनीच्या वाटण्यांना पाठवा ह्यांना. दोन खून वाचले असते."

कौसर हसली नाही. तिने विचारलं, "ह्या कांड्या कोणाच्या असतात?"

डॉक्टरणीने चष्मा डोळ्यांवर घेतला. मला तेव्हाच कळलं. बाई शेवटी चष्मा घालून बोलायला लागली की वाईटच असतं.

अंड्यात सगळं असतं म्हणाली. खाणं, पाणी, भिंत, ऊब. फक्त ह्या कांड्या नसतात. पिकण्याआधीच अंडं आपल्या कांड्या टाकून देतं. बापाच्या बीजातून येतील ह्या भरवशावर! (सगळं घर मांडायचं आणि किल्ली नवऱ्याच्या खिशात. अंडं आमच्याच गावचं दिसतंय.) वगीहचं बीज मोजायला भरपूर आहे, धावतंही छान, आतही शिरतं. आणि आत जाऊन बसून राहतं. दोरच सोडत नाही.

"अंड्यातच खोट असेल," मी म्हटलं. आई आहे मी, म्हणायला लागतं.

मग तिने म्हशीचं सांगितलं.

वगीहने गेल्या वेळी न वाचता ज्या कागदावर सही केली, तो ह्या तपासणीचा होता म्हणे. विद्यापीठात कत्तलखान्यातून म्हशींची अंडी आणतात. त्यात माणसाचं बीज घालून नुसतं बघतात, काही जन्माला-बिन्माला येत नाही. दुसऱ्या एका पुरुषाचं घातलं, तर लहान पोरं सूर्य काढतात तसे कांडीपासून चहूकडे किरण पसरले. वगीहचं घातलं. अठरा अंड्यांत. अंधार.

अठरा म्हशींनी नकार दिला माझ्या मुलाला!

डॉक्टर म्हणाली, "छातीवर हात ठेवून शंभर टक्के सांगता येत नाही, पण दोनदा घरच्या अंड्यांत आणि एकदा म्हशीच्या, तिन्ही वेळा तेच दिसलं. औषध अजून तरी नाही." कौसरने हातातली पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली, बस्स.

परत येताना ती खिडकीबाहेर बघत होती. मला मात्र हसू येत होतं, ओढणीचं टोक तोंडात कोंबून बसले. का येत होतं ते लिहीत नाही. तुला सगळंच सांगायला मी काही बांधलेली नाही, वहीबाई.

उतरताना कौसर म्हणाली, "अम्मा, त्याला तुम्हीच सांगा."

सोमवार, ५ नोव्हेंबर

नाही सांगितलं. मुलुखियाची पातळ भाजी केली होती. दोन ताटल्या जेवला. जेवणाऱ्याला काय सांगायचं.

मंगळवार, ६ नोव्हेंबर

हज्जा फिक्रिया आली. माझी नणंद. माझा बयूमी गेला, पण बहीण ठेवून गेला. माणसाने जाताना थोडं आवरून जावं!

बूड टेकायच्या आत सुरू. "इन्शिराह, मी म्हणत नव्हते? दवाखाने काय करणार! पोरगी बांधली गेलीये."

"कोणी बांधली? दावं कुठंय?"

"चेष्टा नको. मुशाहरा आहे हा. सहा वर्षं सांगतेय."

सहा वर्षं सांगतेय हे खरं. नवी नवरी चाळीस दिवस खोलीत असते. तेवढ्यात रक्त, वस्तरा नाहीतर मरण लागलेलं कोणी किंवा काही थेट तिच्या खोलीत शिरलं, की तिची कूस बांधली गेली. मग काय शिरलं ते शोधायचं आणि त्याच गोष्टीने सोडवायचं. भलत्याच गोष्टीने केलं तर उपयोग शून्य. म्हणून फिक्रियाचा तपास चालू आहे. पोलीस इतका चिकट असता तर माझ्या चोरलेल्या बकऱ्या परत मिळाल्या असत्या.

आतापर्यंत काय काय झालं: ताजी दाढी केलेला चुलतभाऊ आणून कौसरसमोर उभा केला. तोच बिचारा लाजला. सोन्याची बांगडी पाण्यात बुडवून ते पाणी डोक्यावर ओतलं. रेल्वेचे रूळ सात वेळा ओलांडायला लावले. सहाव्या वेळी मालगाडी आली म्हणून पुन्हा पहिल्यापासून. कौसर सगळं करते.

"आता वांगं राहिलंय," फिक्रिया म्हणाली. वांग्याला मरण कुठून लागतं हे मला अजून कोणी समजावलेलं नाही. काळं असतं म्हणून असेल.

"आणि तेही नाही जमलं तर, येत्या नाही त्याच्या पुढच्या शुक्रवारी फातिहा वाचून दुसरं लग्न पक्कं करून टाकू. माझ्या मुलीची मुलगी आहे, बावीस वर्षांची, डिप्लोमा झालेली. वगीहच्या घरात दुसरी येईल, पण रक्ताचीच येईल. कौसरला कोण काढतंय? राहील वरच्या मजल्यावर, राणीसारखी."

तेवढ्यात कौसरच चहा घेऊन आत आली. ट्रे खाली ठेवला. म्हणाली, "हज्जा, राणीला साखर किती घालायची तेवढं सांगून ठेवा."

आणि मग माझ्याकडे बघितलं. बोला ना, असं. मी चमचा शोधायला लागले. चमचा हातातच होता.

गुरुवार, ८ नोव्हेंबर

वांग्यांचा कार्यक्रम. फिक्रियाने सात वांगी आणली. परातीत पाणी, पाण्यात वांगी, वरून कौसर सात वेळा. ह्या वयात माझी सून दोरीवरच्या उड्या मारायला शिकली. फिक्रिया मोजत होती, मध्ये शेजारीण डोकावली, बोलण्यात आकडा हुकला. "पाच की सहा?" "हज्जा, आठ धरा," कौसर म्हणाली, "एक तुमच्यातर्फे."

मी इतकी हसले की फिक्रियाने मला बाहेर काढलं.

नंतर त्या वांग्यांचा टोमॅटो घालून मुसक्का केला. फेकणार कोण! वगीहने सगळ्यात जास्त खाल्ला. म्हणजे उपाय शेवटी योग्य पोटात गेला. हे कौसरच्या कानात सांगितलं. तिला हसू आलं, पण लगेच डोळे पुसायला लागली. कांदा नव्हता त्यात.

शनिवार, १० नोव्हेंबर

थंडीची घोंगडी धुतली. एवढं मोठं ओलं घोंगडं एकटीला पिळता येत नाही. गच्चीवर ती एका टोकाला, मी एका टोकाला. पीळ घालायचा आणि मागे मागे ओढत जायचं. म्हटलं, "बघ, आपण दोघी कांड्या झालो!"

"तुम्ही तुमचं टोक सोडू नका म्हणजे झालं."

"मी कशाला सोडेन?"

"सहा दिवस झाले, अम्मा." तिने ओढायचं थांबवलं. पाणी थेंब थेंब गळत होतं मध्ये. "शुक्रवारी फातिहा वाचली तर मी शुक्रवारीच भावाकडे जाईन. सवतीबरोबर राहणार नाही. आणि जाताना कोणाला काही सांगणार पण नाही. मी तोंड उघडलं तर म्हणतील, सवत येतेय म्हणून बनाव करतेय, मुलाला नावं ठेवतेय. तुमचं ऐकतील. तुम्ही त्याची आई आहात."

"डॉक्टरणीचा कागद दाखवू."

"कागद कोण वाचणार? हज्जा?"

खरंय. फिक्रियाला कागदावरचं फक्त शिक्क्याचं गोल कळतं.

एक टोक सोडलं की घोंगडं पिळलं जात नाही, नुसतं जमिनीवर पडतं. डॉक्टरणीने चित्र काढलं तेव्हा नव्हतं एवढं कळलं.

ती जाईल. मला माहीत आहे ही पोरगी. रूळ सात वेळा ओलांडते, पण आठव्यांदा ओलांडेल तेव्हा परत यायची नाही.

रविवार, ११ नोव्हेंबर

सांगितलं! दुकानात गेले, दुपारच्या नमाजानंतर, गिऱ्हाईक नसताना. वगीह जमिनीवर बसून मोटारीची तार गुंडाळत होता. मी पेटीवर बसले.

कसं सांगायचं ते रस्त्यात ठरवलं होतं. म्हटलं, "समज, पंप आहे. फिरतोय छान. आवाज पण मर्दासारखा. पण पाइपात पाणीच चढत नाही."

"वॉशर गेलं असेल."

"तुझं वॉशर गेलंय, बाळा."

कळायला त्याला वेळ लागला. मग हसला. "माझं? अम्मा, डॉक्टर स्वतः म्हणाला होता गेल्या वर्षी, घोड्यासारखं आहे."

"घोडा दारापर्यंत जातो. आत जाऊन गाडी कोण ओढणार?" मग मी सगळं सांगितलं. कांड्या, दोर, दोन टोकं. जमेल तितकं हळू. शेवटी म्हैस. म्हैस सांगायची नव्हती, पण तो "कशावरून, कशावरून" करत होता.

"म्हशीत?"

"अठरा."

त्याने तार खाली ठेवली. पुन्हा उचलली. गुंडाळलेली सगळी उलगडली आणि परत पहिल्यापासून गुंडाळायला लागला. माझा मुलगा बापासारखा आहे. बयूमी पण असाच, जीव जायला लागला तरी काहीतरी दुरुस्त करत बसायचा.

गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "कोणाकोणाला माहीत आहे?"

"तू, मी, कौसर. आणि विद्यापीठ."

"आत्याला सांगू नकोस. कौसरवरच राहू दे, अम्मा. तिला सवय झालीये."

मी ओढणीला लागलेलं ग्रीस पुसत बसले.

मग म्हणाला, "आणि नवीन बायकोबरोबर कदाचित..."

"म्हैस पण नवीनच होती," मी म्हटलं आणि उठून आले.

मंगळवार, १३ नोव्हेंबर

वगीह बोलत नाही माझ्याशी. कौसर बोलते, फार गोड. बॅग पलंगाखाली आहे, मी झाडताना बघितली. लग्नातली हिरवी.

बुधवार, १४ नोव्हेंबर

फिक्रियाने निरोप पाठवला, गुलाबाचं सरबत तुमच्याकडून, मिठाई आमच्याकडून. वर विचारते, ग्लास पुरेसे आहेत ना. माझ्या घरातून माझी सून जाणार आणि हिला ग्लासांची पडलीये. आहेत म्हणावं. बारा आहेत. एकाला तडा आहे, तो तिच्यासाठी काढून ठेवलाय.

शुक्रवार, १६ नोव्हेंबर

लिहून काढते, नाहीतर उद्या फिक्रिया सांगेल तेच खरं होईल.

जुम्म्याची नमाज झाली. फिक्रिया, तिचा जावई, म्हणजे मुलीचा बाप, आणि त्याचे दोन भाऊ. मुलगी आली नव्हती, ते एक बरं. वगीह नवीन पायघोळ गल्लाबियात, इस्त्री केलेल्या कपड्यातला ओंडका. कौसर वरच्या मजल्यावर. सरबत मीच फिरवलं.

चौघांनी फातिहासाठी हात वर केले. वगीहनेही केले. हळू, पण केले.

मी म्हटलं, "थांबा."

फिक्रिया म्हणाली, "आता काय? साखर कमी आहे?"

मी तशीच उभी, हातात ट्रे. मुलीच्या बापाकडे बघून बोलले, कारण त्या खोलीत खरं समजून घ्यायची गरज फक्त त्याला होती. "तुझी मुलगी ह्या घरात आली तर सहा वर्षांनी तिलाही वांग्यांवरून उड्या माराव्या लागतील. कौसरमध्ये काही कमी नाही. अंडं दुभंगवायला बापाकडून दोन कांड्या येतात, माझ्या मुलाच्या कांड्या काम करत नाहीत. बायको बदलून कांड्या बदलत नाहीत. कागद आहे, शिक्क्यासकट."

असं सरळ बोललेय मी! एकही टोमणा नाही. मलाच ओळखू येईना मी.

फिक्रिया उठली. "तू आई आहेस की वैरीण? पोटच्या पोराची अब्रू चार माणसांत! कांड्या म्हणे! कोणी बघितल्यात कांड्या?"

"मुशाहरा कोणी बघितलाय?"

"त्या पोरीने काय पाजलंय तुला?"

"चहा. तुला पण तोच पाजते."

मुलीचा बाप शांत माणूस. वीटभट्टीवर हिशोबनीस आहे. तो वगीहला म्हणाला, "तू बोल. तुझी आई म्हणते ते खरं?"

सगळे वगीहकडे. त्याचे हात अजून वरच होते. कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं बहुतेक. मला वाटलं, आता हा मला खोटं पाडणार. पाडलं असतं तरी मी काय करणार होते?

त्याने हात खाली घेतले. म्हणाला, "अम्मा खरं बोलतेय."

मग उठत, "कौसरवर उगाच घातलं सगळं." आणि जिन्याने वर गेला.

म्हशीचं कोणाला सांगितलं नाही. तेवढी आई आहे मी.

फिक्रिया मिठाई घेऊन गेली. झाकणासकट. तडा गेलेल्या ग्लासातलं सरबत मात्र सगळं प्यायली होती.

शनिवार, १७ नोव्हेंबर

बॅग पलंगाखाली नाही. रिकामी करून कपाटावर ठेवलीये. वगीह सकाळी दुकानात गेला नाही, कोणाचा पंप उघडा पडला नव्हता वाटतं. दोघं वर बोलत होती. मध्ये भांडली पण. तो म्हणाला काहीतरी, ती म्हणाली, "सहा वर्षं मी उड्या मारत होते तेव्हा कुठे होतास?" चांगलं झालं. भांडायला सुरुवात केली म्हणजे राहणार.

गल्लीत मी आता संत झालेय. भाकरीच्या रांगेत मला पुढे जाऊ दिलं! "अशी सासू असावी." "मुलाच्या विरुद्ध उभी राहिली सुनेसाठी." मी म्हटलं, माझी कबर हिरव्या रंगात रंगवा, वर्षातून एकदा जत्रा भरवा, फुगेवाल्यांची सोय होईल.

दुपारी कौसरने माझा हात धरून त्याचं चुंबन घेतलं. कपाळाला लावला. म्हणाली, "अम्मा, सहा वर्षं मी रोज आठवायची, त्या चाळीस दिवसांत माझ्याकडून काय चुकलं, कोणाला आत येऊ दिलं. एकेक दिवस आठवायची. आता नाही आठवावं लागणार. तुमच्यामुळे."

"सोड हात, लसणाचा वास येतोय," मी म्हटलं.

तिने सोडला नाही.

रविवार, १८ नोव्हेंबर

तिच्या लग्नाच्या नवव्या दिवशी मी कबरस्तानातून आले. बयूमीला जाऊन चार महिने झाले होते. तिथून आलेल्या बाईने आधी शेजारी टेकायचं, पाय धुवायचे, नवरीला उंबऱ्याबाहेर बोलवायचं. गावात चालायला लागलेल्या पोराला पण हे माहीत असतं. आतून दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता. माझ्या घरात, इतक्या लवकर. मी कबरीवरच्या मातीच्या पायांनी थेट आत गेले. कौसरने उठून मला गादीवर जागा करून दिली.

विसरून नव्हते गेले. मुद्दाम गेले.

कांड्यांचं दोन आठवड्यांपूर्वी कळलं. त्याआधीची सहा वर्षं मला पक्कं ठाऊक होतं की तिला मीच बांधलंय. कसं सोडवायचं तेही ठाऊक होतं. त्या कबरीवरची मूठभर माती पाण्यात टाकायची, तिने एकदा ओलांडायचं. पाच मिनिटांचं काम. ती माझ्यासमोर सोन्याचं पाणी डोक्यावर घेत होती, सात सात वेळा रूळ ओलांडत होती आणि मी बघत होते. काल तिने माझा हात धरला होता, तेव्हा तरी सांगायचं.

सांगितलं नाही.